झालं आणि झालंच

कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम रुग्णालयांतल्या यंत्रांवर चालायची, आणि तिचे मुख्य अभियंता त्रिविक्रम राजोपाध्ये यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. एके दिवशी त्यांनी एक बदल आणला. प्रोग्रामने "ही फाइल डिस्कवर पक्की लिही" असं बजावलं, तरी ती नुसती मेमरीत ठेवायची, लगेच "झालं" सांगायचं आणि डिस्कवर सवडीने लिहायचं. कोड तपासायचं काम वैजयंती खटावकरकडे होतं.

"सर, मधेच वीज गेली तर पेशंटची नोंद जाईल."

"मला शिकवू नका! वेग बघा. मालक समोर बसलेत, मंजुरी द्या."

"झालंच, सर."

राजोपाध्ये मालकांकडे वळले. "झालं! आजच सगळीकडे पाठवतो."

मालकांनी पडद्याकडे पाहिलं. मंजुरीची जागा रिकामी होती. राजोपाध्ये गर्रकन वैजयंतीकडे वळले.

"अहो, तुम्ही झालं म्हणालात ना?"

"मी 'झालंच' म्हणाले. मंजुरी माझ्या डोक्यात आहे, सवडीने लिहीन. तुमचा कोड डॉक्टरांना हेच सांगणार, सर. फक्त माझ्या बोलण्यात तो 'च' तरी होता; तुमचा कोड तोही गिळतो."

समोर पेशंट असता तर, हे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आलं.

"राजोपाध्ये," मालकांनी विचारलं, "बदल मागे घेताय ना?"

"घेतलाच, साहेब!"

मालक जागचे हलले नाहीत. "आधी तो 'च' काढा."