हौसानं डोंगराला जेवायला बोलावलं

एक होता भाऊ आणि एक होती बहीण. राजा हवा होता? नको आज राजा. राजाच्या घरी लग्न निघालं की काळजी आचाऱ्याला, राजा आपला मिशीला तूप लावून मोकळा. आपल्या गोष्टीत काळजी घरच्यांनाच आहे. दिग्या, गोधडी एकट्यानं ओढू नकोस, निमूला दे थोडी.

तर भावाचं नाव सोनबा आणि बहिणीचं हौसा. आईबाप लवकर गेले. सोनबा गावाच्या शेळ्या डोंगरावर चारायचा, त्यावर दोघांचं भागायचं. त्यानंच तिला न्हाऊमाखू घातलं. तिची वेणी घालायला शिकला. ताप आला की उशाशी बसून राहायचा. आईची माया दुसऱ्याला येत नाही म्हणतात, पण सोनबाला आली होती बरं का.

मग हौसाचं लग्न ठरलं. मुलगा पैलवाडीचा, कष्टाळू आणि हसऱ्या तोंडाचा. हौसाच्या मनात अगदी भरला होता. पण मुलाची एक आत्या होती, भारी कडक. तिनं आधीच बजावलं, आम्ही मोजकीच माणसं आणू, पण त्यातलं एक जरी अर्धपोटी उठलं तर नवरीला न घेता वरात परत जाईल. आणि ती बोलेल तसं करणारी बाई होती.

मग भाऊबहीण जेवणाचा बेत ठरवायला बसली. लापशी, भात, आमटी आणि वांग्याची भाजी. हौसा म्हणाली, गूळ पुरेल का? सोनबानं मडक्यात हात घालून बघितला. पुरेल म्हणाला, पण बेतानं. पैलवाडीची माणसं नीट जेवतील आणि वर दोघंतिघं. त्यापुढं एक द्रोणसुद्धा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि यांचं अंथरूण तुमच्या या गोधडीएवढंही नव्हतं.

हौसानं मडकं झाकलं. मग म्हणाली, "दादा, ज्यांनी आपल्याला जगवलं त्यांना न बोलावता मी बोहल्यावर कशी चढू?"

कोणी जगवलं होतं त्यांना? एक दारातल्या आंब्यानं. त्याच्या फांदीला हौसाची झोळी टांगलेली असायची. दुसरा खालचा झरा. दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या, पण तो आटला नाही. आणि तिसरा डोंगर. सोनबा म्हणाला, खरं आहे तुझं, बोलाव. पण घरटी एक हं.

घरटी एक म्हणजे काय, माहीत आहे? एका घरातून एकच माणूस जेवायला. आणि चूलबंद आमंत्रण म्हणजे सगळं घर, म्हातारंकोतारं, अगदी तान्हं बाळसुद्धा. त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. आमंत्रण देतानाच हे सांगावं लागतं, नाहीतर सगळा घोटाळा.

मग हौसा अक्षता घेऊन निघाली. आंब्यापाशी अक्षता ठेवल्या, म्हणाली घरटी एक या. झऱ्यापाशी ठेवल्या, म्हणाली घरटी एक या. मग गेली डोंगराकडे. तिथं उभी राहिली आणि तिला सगळं आठवलं. करवंदांवर काढलेले दिवस आठवले. वाहून आणलेलं जळण, दादाच्या जखमेवर लावलेला पाला आठवला. तिथला वाघसुद्धा कसा, यांच्या एका शेळीला कधी नख लावलं नव्हतं त्यानं. पोरीनं अक्षता डोंगराच्या पायथ्याशी ठेवल्या. आणि तोंडून निघून गेलं, चूलबंद या.

बोलली आणि जीभ चावली. पण गेलेला शब्द काही परत येत नाही. डोंगराला कुठले आलेत कान, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली आणि दादाला सांगितलंच नाही. कान असतात बरं डोंगराला.

मग लग्नाचा दिवस उजाडला. लापशी शिजली, घरभर वास सुटला. आंब्याकडून एक पोपट आला. चोचभर खाल्लं आणि वळचणीला जाऊन बसला. झऱ्याकडून एक बेडूक आला. पानाच्या कडेला बसून दोन शितं खाल्ली. सोनबा खूश. मग उठला धुरळा. बघतो तर अख्खा डोंगर उतरून आलेला! ससे, साळिंदरं, मोर, पोटाशी पिल्लं धरलेल्या माकडिणी, एक अस्वल आणि सगळ्यात शेवटी वाघ. अंगणात ओळीनं बसले की हो सगळे. वाघ तर शेपूट आवरून बसला, शेजारच्या सशाला लागू नये म्हणून.

सोनबानं हौसाकडं बघितलं. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. सोनबा कपाळाला हात लावून म्हणाला, आता वरातीला काय वाढू, माझं डोकं? तुझं लग्न मोडेल वेडे, यांना परत पाठवू दे.

हौसा म्हणाली, "लग्न मोडलं तर मोडू दे. पण बोलावलेल्याला भरल्या पानावरून उठवू नकोस, दादा."

 सोनबानं पळी उचलली. सशाला वाढलं, मोराला वाढलं, वाघालाही वाढलं. वाढता वाढता पातेल्याचा तळ लागला. आणि नेमक्या तेव्हाच शिवारातून सनई ऐकू आली. वरात आली होती. 

तेवढ्यात अस्वल तोंड पुसून उठलं. म्हणालं, "आज आमच्या घरी चूल बंद. मग घरातला शिधा घरी ठेवून काय करायचं?"

कुंपणाबाहेर ठेवून आले होते सगळे. आधी जेवायचं आणि मग आणलेलं पुढं करायचं, असली शहाणी मंडळी ती. अस्वलानं मधाची पोळी आणली होती. माकडांनी फणस आणि पाटीभर करवंदं. मोरांनी रानातली वरी, सशांनी कोवळी भाजी, साळिंदरांनी कंद. वाघ तेवढा रिकाम्या हातानं आला होता. त्याच्या घरात जे होतं ते लग्नात चाललं नसतं ना. तो मुकाट्यानं परसात पडून राहिला, वरातीचे बैल बुजू नयेत म्हणून.

मग चुली पुन्हा पेटल्या. वरीचा भात झाला, वर मध. फणसाची भाजी झाली, करवंदांची चटणी झाली. अक्षता पडल्या, पंगत बसली. आणि ती कडक आत्या? तिनं भाजी तीनदा मागून घेतली. वर म्हणाली, घर लहान आहे, पण गोतावळा मोठा आहे तुमचा.

सगळे जेवले. गाडी जुंपली. नवरीसाठी पान मांडलं, पण हौसा काही बसेना. ती दादाला शोधत मागं गेली. सोनबा चुलीपाशी भांडी घासत बसला होता. सकाळपासून पोटात कण नव्हता त्याच्या.

हौसा म्हणाली, "दादा, मी आंब्याला बोलावलं, झऱ्याला बोलावलं, डोंगराला बोलावलं. तुला बोलवायचंच राहिलं."

सोनबा हसला. म्हणाला, "अगं, घरच्याला कोणी आमंत्रण देतं का?"

हौसानं उरलेल्या अक्षता त्याच्या राखेच्या हातावर ठेवल्या. त्याला धरून आणला आणि स्वतःच्या पाटावर बसवला. शालू खोचला आणि स्वतः वाढायला लागली. भात वाढला, मध वाढला. इतकी वर्षं तो वाढत होता आणि ती जेवत होती. सोनबा एवढा मोठा बाप्या, पण लेकरासारखा ढसाढसा रडला. गाडीवाला घाई करायला लागला, तशी आत्यानं त्याला गप्प बसवलं आणि स्वतः तूप घेऊन आली. म्हणाली, सावकाश जेवा हो, आम्ही थांबतो.

मग सोनबा पोटभर जेवला आणि हौसा सुखानं नांदायला गेली. डोंगरही आपल्या घरी गेला.

झालं, संपली. उद्या सकाळी उठलात की आईला विचारा, तू जेवलीस का म्हणून. निमू तर झोपलीसुद्धा. दिग्या, तूही मीट डोळे, कूस वळ बाळा.