मशिदीलगतचं दुकान

"हेच ना ते दुकान, उस्ताद?"

मुनव्वरने विचारलं खरं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं. जामा मशिदीच्या दरवाज्याला लागून असलेलं हे दुकान एके काळी त्याच्या अब्बांचं होतं. अत्तराचं. जुम्म्याची नमाज सुटली की अख्खा बाजार खसाच्या वासानं घमघमायचा.

आता तिथं प्लास्टिकच्या बादल्या टांगल्या होत्या.

"हेच," वजाहतअली उस्ताद म्हणाले. याच मशिदीत त्यांनी मुनव्वरला फारसी शिकवली होती. आज इतक्या वर्षांनी दोघं नमाज पढून बाहेर आले होते. आत काहीच बदललं नव्हतं. तोच थंडगार काळा दगड, हौदात तेच आभाळ. म्हणूनच बाहेरचं त्याला जास्त लागलं.

"मी हे परत घेणार. होतं तसं करणार. सागवानी फडताळ, काचेच्या कुप्या, सगळं. आपण फक्त हलीमाबींना सांगा, दुकान सोडा म्हणून. आपला शब्द त्या मोडणार नाहीत."

"नाही मोडणार."

दुकानात हलीमाबी एका नव्या नवरीला बादली उलटीपालटी करून दाखवत होत्या. उस्तादांना पाहताच त्यांनी पदर सावरून सलाम केला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळल्या.

उस्ताद काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"बादल्या, उस्ताद! अब्बांच्या जागेत!" मुनव्वरने दुकानाकडे हात रोखला.

"अब्बांच्या आधी इथं कोण होतं?"

"आधी...?"

मुनव्वरने हा विचार कधी केलाच नव्हता.

"दाऊदमियाँ कल्हईवाला. तुझ्या अब्बांनी जागा घेतली आणि वर्षभरानं त्याचा मुलगा परगावाहून आला. तू उभा आहेस तिथंच उभा राहिला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, सगळीकडे नुसता फुलांचा वास मारतोय... माझ्या बापाच्या कल्हईचा, नवसागराचा धूर कुठं गेला?"

मुनव्वर हसायला गेला. हसू आलं नाही.

दुकानाकडे रोखलेला त्याचा हात हळूहळू खाली आला.

"मग... आपण काय समजावलंत त्याला?"

"मला काही सुचलं नाही, बेटा."

उस्तादांनी काठीनं दुकानाचा उंबरा दाखवला.

"तुझे अब्बा गादीवर जरा सरकले. म्हणाले, बैस."