समासातला नकार

फार वर्षांमागे, जिथला राजा निपुत्रिक वारला आणि लोकांनी दुसरा शोधलाच नाही, अशा एका गावात एक कुंभारीण राहत होती. राजा होता तोवर तो एकटा ठरवायचा. त्याच्यामागे त्याच्या चार भाऊबंदांनी ठरवून पाहिले आणि एकमेकांची डोकी फोडली. मग लोक म्हणाले, आता आपले आपणच ठरवू. चावडीपुढे सभा भरू लागली. कुंभारणीला याचे फार अप्रूप होते. पहिल्या सभेला ती ठेवणीतले लुगडे नेसून गेली होती.

पण हळूहळू गावाला एक खोड लागली. सभेचा प्रमुख शेवटी विचारायचा, "सर्वानुमते?" आणि सगळे ओरडायचे, "सर्वानुमते!" बारा वर्षांत एकदाही विरोध झाला नाही, याचा गावाला कोण गर्व! वेशीवर पाटी लावली होती, 'एकमताचे गाव'. कारकून तर वेळ वाचवायला आदल्या दिवशीच वहीच्या कोऱ्या पानाखाली तो शब्द लिहून ठेवायचा.

एका उन्हाळ्यात गावाने वरच्या अंगाला तळे बांधायला काढले. बांधाला चिकण काळी माती हवी होती, पण ती दोन कोसांवर. पांढरी माती मात्र हाताशीच होती. प्रमुखाला पावसाआधी काम उरकायचे होते. तो म्हणाला, "पांढरीच घालू."

कुंभारीण उठून उभी राहिली. "प्रमुखदादा, ती माती पाणी धरत नाही. मी तिचं साधं गाडगं करत नाही, तुम्ही तळं करताय? आणि तळ्याच्या खाली आमची आळी आहे."

"वहिनी, गाडगी तुम्ही बघा, गाव आम्ही बघतो."

लोक हसले. मागून तेली म्हणाला, "बारा वर्षांत झालं नाही ते आज होणार म्हणा! वेशीवरची पाटी उतरवायची का?"

"उतरवा. माझी ना आहे."

"बसा हो, बसा," प्रमुख म्हणाला. "सर्वानुमते?"

"सर्वानुमते!" शेजारचा सुतार मघाशी तिच्या कानाशी "खरं आहे तुमचं" म्हणाला होता. त्यानेही आवाज लावला. कारकुनाने वही मिटली. शेवटचा शब्द त्याला लिहावाच लागला नाही.

श्रावणात भर दुपारी बांध फुटला. कुंभारणीचा नवरा शेजाऱ्याच्या म्हशी सोडायला धावला. म्हशी पोहून वर आल्या. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

प्रांताकडून चौकशीला अंमलदार आला. सारे गाव चावडीपुढे जमले.

"पांढरी माती घालायचं कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी," प्रमुख म्हणाला आणि वही पुढे केली.

अंमलदाराने वाचले. "सर्वानुमते. मग दोष एकाचा कसा म्हणायचा?" तो घोड्याकडे वळला.

"साहेब," कुंभारीण म्हणाली, "सर्वानुमते म्हणजे किती जण?"

"सगळे, बाई."

"म्हणजे मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

नवऱ्याला नेले तेव्हा ती चारचौघांत रडली नव्हती. आताही रडली नाही. तिने वहीवर बोट ठेवले.

"ज्या पाण्याने माझा माणूस नेला, त्याला मीच वाट दिली असं ही वही सांगते. उद्या माझी नातवंडं हेच वाचतील. राजा बरा होता म्हणत नाही मी. पण तो निदान म्हणायचा, मी ठरवलं. तुम्ही माझं तोंड दाबलंत आणि वर त्याच तोंडात होकार कोंबलात!"

"वहिनी, दुःख आम्हालाही आहे, पण गावाची अब्रू..."

"दुःख माझं मी बघीन. माझी ना लिहा."

कारकून पुटपुटला, "पान भरलंय हो. जागा कुठे आहे?"

"समासात लिहा."

अंमलदार परत फिरला. "लिहा," तो म्हणाला. कारकुनाने 'सर्वानुमते'वर रेघ मारली आणि बाजूच्या कोऱ्या पट्टीत लिहिले: कुंभारणीचा नकार. पांढरी माती पाणी धरत नाही, असे तिने सांगितले होते.

ते पाहून सुतार पुढे आला. त्याच्यामागे आणखी पाच-सात जण. "माझीही लिहा. मनातून माझीही ना होती."

कुंभारणीने त्याच्याकडे पाहिले. "मनातली ना मनातच ठेवा, भावजी. तुम्ही होय म्हणालात. तुमचं होय तिथंच राहू दे."

सुताराने मान खाली घातली. अंमलदाराने पुन्हा वही वाचली आणि प्रमुखाला विचारले, "या बाईंनी आधी सांगितलं होतं. मग ऐकलं का नाही?"

एका ओळीमुळे हा प्रश्न विचारता आला. प्रमुखाचे पद गेले.

नवा बांध काळ्या मातीचा झाला. सभेत आता हात मोजले जाऊ लागले, बाजूचे आणि विरोधातलेही. पुढे विहिरीची जागा ठरवताना कुंभारणीचा पक्ष हरला. तिचा नकार नावानिशी लिहिला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतरांबरोबर मातीच्या पाट्या वाहायला हजर होती.

तात्पर्य, मुलांनो, आणि मोठ्यांनीही ऐकावे: निर्णय बहुतांच्या मताने व्हावा, पण ज्या सभेत एकटीचे 'नाही' लिहून घेतले जात नाही, तिथल्या सगळ्यांच्या 'होय'ला काडीची किंमत नसते.