खोंडाच्या मागचं वासरू

एका डोंगरातल्या दाट जंगलात गव्यांचा कळप राहत असे. मुलांनो, गवा म्हणजे चालता काळा कातळ. पण पूर्वी वाघाचा वास आला की हे कातळ वाट फुटेल तिकडे पळत. कळपाची म्होरकी एक पोक्त गवी होती. तिने थोरल्या गव्याला कवायत घ्यायला लावली. वासरं मधे, बाकी सगळे भोवती, शिंगं बाहेर, खांद्याला खांदा. थोरला समोरून धावून येई, आणि जो पाय मागे घेई त्याच्या बरगडीत शिंगाचा दणका घाली.

त्या रिंगणात एक बुजरा खोंड होता. मागच्या साली वाघ आला तेव्हा याचेच पाय मागे सरले, फट पडली, आणि त्या फटीतून वाघाने वासरू नेलं. तेही म्होरकीचं. तेव्हापासून खोंड पोटभर चरला नव्हता. दणके खाऊन बरगड्या सुजल्या, तरी थोरला धावून आला की पाय आपले मागे. बाकीचे म्हणत, "याला वाघ कशाला हवा? पान गळलं तरी हा नाल्यापलीकडे."

"काढ याला रिंगणातून," थोरला म्हणाला. "पुन्हा घात करील."

म्होरकीचं यंदाचं वासरू अजून पायांवर धड ठरत नव्हतं. ते तिने नाकाने ढकलत आणलं आणि खोंडाच्या मागच्या खुरांशी उभं केलं. सगळा कळप रवंथ करायचा थांबला.

"मावशी, नको," खोंड म्हणाला. "माझा पाय मागे गेला तर तुडवलं जाईल ते."

"मग नेऊ नकोस मागे."

"आणि भीती वाटली तर?"

"वाटणारच. मला काय वाटत नाही? मेल्या, तेव्हा मी समोर बघत नाही. मागे कोण आहे ते आठवते." एवढं बोलून ती त्याला खांदा भिडवून उभी राहिली.

थोरला धावून आला. खोंडाच्या मांडीला वासराचा ऊन ऊन श्वास लागला. त्याचे पाय थरथरले, पण जागच्या जागीच थरथरले. दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ आला. जुनी फट त्याच्या चांगली लक्षात होती. इकडेतिकडे न बघता तो थेट खोंडासमोर आला आणि असा गरजला की झाडांवरची माकडं गप्प झाली. थोरल्याच्यासुद्धा अंगावर काटा आला. खोंडाचे खूर चिखलात रुतत गेले, पण मागे तसूभर सरले नाहीत. वाघ शिंगांच्या टोकाशी येऊन थांबला. त्याने खोंडाच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग मान वळवली आणि आल्या वाटेने निघून गेला.

वासरू खोंडाची शेपूट चोखत बसलं होतं. थोरला हळूच पुढे आला आणि आपल्याच शिंगाने सुजवलेली खोंडाची बरगडी चाटू लागला.

तात्पर्य : दणके घालून कुणाची छाती मोठी होत नाही. ज्याला खंबीर करायचं, त्याच्यावर आपलं सगळ्यात मोलाचं सोपवावं आणि स्वतः त्याच्या शेजारी उभं राहावं.