शिंपिणीचा झोका

त्या रानात दोरा एकट्या कोळ्याकडे होता. पूर्वी प्रत्येक शिंपी पक्षी सावरीचा कापूस वळून आपला दोरा आपणच करी. पण तो दोरा जाड निघे, पावसात कुजे आणि वळता वळता अर्धा उन्हाळा जाई. मग कोळ्याने आपला चिवट दोरा सगळ्यांना नुसताच वाटला. तुमची पाने जोडली गेली की माझे पोट भरले, असे तो म्हणे. फुकट ते पौष्टिक म्हणून पक्ष्यांनी कापूस वळणे सोडले, आणि पिल्लांना तर तो कापूस नाकात जातो एवढेच ठाऊक राहिले.

तिथल्या एका शिंपिणीला घरट्यांपेक्षा झोक्यांचे वेड होते. तीन उन्हाळे खपून तिने चाळीस पानांचा एक झोका शिवत आणला होता. त्यात बसले की पानांतून ऊन असे हलावे की आपण पाण्याखाली उडतो आहोत असे वाटावे, हा तिचा बेत होता. चार पाने जोडायची राहिली असताना कोळ्याचा मुंगळा दवंडी देत आला.

दोरा यापुढेही फुकटच मिळेल, असे त्याने सांगितले. मात्र त्या दोऱ्याने शिवलेल्या वस्तूत जो बसेल, त्याच्या प्रत्येक बसण्यामागे शिवणाऱ्याने एक पीस द्यावे. आधी शिवलेल्या वस्तूंनाही हेच लागू. एकच पिल्लू उतरून पुन्हा बसले तर ती दोन बसणी. कोण केव्हा बसले हे कोळ्याला विचारावे लागत नव्हते, कारण प्रत्येक दोऱ्याचे एक टोक अजून त्याच्या जाळ्यातच होते.

पक्ष्यांनी रान डोक्यावर घेतले. तिसऱ्या दिवशी कोळ्याने माफी मागितली आणि पहिली शंभर बसणी सोडून दिली. सगळे इतके थकले होते की त्यांनी हाच विजय मानून करवंदे वाटली. काहीजण शिवण उसवून ओढ्यापलीकडच्या रेशीमकिड्याकडे गेले. शिंपिणीनेही एक टाका उसवून पाहिला, तर दोऱ्याबरोबर पानच फाटले. तिने ते पान बदलले आणि उरलेली चारही त्याच दोऱ्याने शिवली.

झोका सगळ्या रानाला आवडला, हेच तिचे दुर्दैव. शंभर बसणी पहिल्याच दिवशी ऊन चढायच्या आत संपली. मग तिने पोटाची पिसे दिली, पाठीची दिली, शेपटीची दिली. पूर्वी पिल्लांची रांग पाहून तिचा ऊर भरून येई. आता कोणी हसले की तिच्या अंगावर काटा येई. झोक्यात साप आहे, असे ती पिल्लांना खोटेच सांगू लागली. सांगायला वाईट वाटते, पण एकदा तिने एका लहानग्याला चोचही मारली. झोका टांगलेला दोरा तिने कुरतडून पाहिला, तर तो तुटेना.

शेवटी दोन्ही पंखांत मिळून दोन लांब पिसे उरली. थंडी तोंडावर आली होती. तेवढ्या पिसांवर ओढा ओलांडून उबेच्या बाजूला जाणे कसेबसे जमले असते, पण निघायला जोर येईपर्यंत झोक्यात कोणाला बसू न देणे भाग होते. म्हणून एका सकाळी पिल्लांच्या आधी ती स्वतःच झोक्यात जाऊन बसली. आता कोणाला जागाच उरली नाही. पिल्ले फांदीवर रांग लावून थांबली. तीन उन्हाळ्यांत ती पहिल्यांदाच त्यात बसत होती, आणि झोका खरेच चांगला झाला होता.

थोड्या वेळाने मुंगळा दोऱ्यावरून उतरत आला. त्याने अदबीने मान लववली.

"अरे, मीच शिवलाय हा," शिंपीण म्हणाली.

"ठाऊक आहे ताई. पण बसणं तर झालं ना."

तिने डावा पंख पुढे केला. पीस उपटताना बसलेल्या हिसक्याने झोका एकदा लांब झुलला, आणि आता आपली पाळी आली असे वाटून फांदीवरची पिल्ले आनंदाने किलबिलू लागली.