कोणता हात बांधायचा

बँकेत पासबुक भरून घेत होते, तेव्हा आई झोपेतच गेल्याचा फोन आला. तिचे हाल झाले नाहीत, म्हणून सुटल्यासारखं वाटलं. डोळ्यांपुढे आली ती शाळेत, मुख्याध्यापक दाभाडे सरांच्या खोलीत उभी असलेली आई.

माझी शर्वरी डावखुरी. सरांनी फर्मावलं होतं, "डावा हात बांधून पाठवा, नाहीतर नाव काढून टाकतो."

आईने नातीच्या हस्ताक्षरातले दोन कागद पुढे केले. "सर, यातलं उजव्या हाताचं कुठलं?"

सरांनी सुबक अक्षराचा कागद उचलला. "हे! बघा आजी, हात बदलला की कसं वळण लागतं."

"मग उजवा बांधते. तुम्ही उचललंत ते डाव्याचं."

शर्वरी दोन्ही हात मोकळे घेऊन वर्गात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

आईला वाचता येत नव्हतं. मी तिला शिकवणार होते. ते राहूनच गेलं.