निळी आग, सुकं खोबरं

“मग ती चरबी जळत का नाही, बुवा?”

भिकूशेठ खातू शेवटच्या पायरीवरच बसले. टेकडीवरच्या या मठात यायला त्यांना पूर्वी एक विडा चघळून होईपर्यंतचा वेळ लागे. आज वाटेत चार ठिकाणी थांबावं लागलं.

पेठेतले खोबऱ्याचे घाऊक व्यापारी. वाटीवर नखानं टिचकी मारून आत तेल किती ते सांगणारा माणूस. अशा माणसाला कुणी शिकवलेलं आवडत नाही. डॉक्टरनं शिकवलेलं तर मुळीच नाही.

धुनीपाशी बसलेले भैरवगीर गोसावी म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाला ते आधी सांग.”

“काळजाच्या स्नायूत चरबी साचलीय म्हणे. दारूनं. ती बंद करा, आणि यंदा शिमग्याला पालखीला खांदा देऊ नका... बुवा, एकवीस वर्षं पुढचा खांदा माझा आहे. जीव गेला तरी तो मी सोडणार नाही!”

“मग दारू सोड.”

“तिचा काय दोष? तूप सोडलं. मटणाची सागुती सोडली. तेल मी विकतो, खात नाही. आणि ही...” त्यांनी पिशवीतून काजूच्या दारूची बाटली काढली. “पहिल्या धारेची. काडी लावली की पेटते. पेटणारी वस्तू चरबी जाळेल की साठवेल? आमचा चुलता जन्मभर मटणावर हीच घ्यायचा. म्हणायचा, भिकू, हिच्यापुढे चरबीची काय बिशाद!”

“कुठे असतो चुलता?”

“...गेला.”

“कशानं?”

भिकूशेठनी बाटलीचं बूच उगाच घट्ट केलं.

“काळीज चालतं कशावर, ते विचारलंस डॉक्टरला?”

“विचारलं ना. म्हणाला, बहुतेक चरबीवरच. मग सांगा बुवा, ज्याचं रोजचं खाणंच ते, त्याच्याकडे ते साचतं कसं?”

बुवांनी हात लांबवला. कोनाड्यातून सुक्या खोबऱ्याची वाटी काढली, पितळी ताटलीत ठेवली आणि ताटली पुढे सरकवली.

“ओत.”

भिकूशेठनी हसत वाटीवर दारू ओतली. बुवांनी काडी लावली.

भप्पकन निळी आग उठली. वाटी ज्वाळेत दिसेनाशी झाली.

“बघा! बघा कशी खातेय!”

बुवा बघत होते...

आग बसली. ताटलीत थोडं पाणी उरलं, आणि पाण्यात वाटी.

“उचल.”

भिकूशेठनी उचलली. व्यापाऱ्याचा हात सवयीनं माल तपासतो, मन नको म्हणत असलं तरी. त्यांनी टिचकी मारली. कड जराशी काळवंडली होती, एवढंच.

“तेल?”

“आहे.”

“किती?”

“...सगळं.”

“मग जळलं काय?”

भिकूशेठची नजर बाटलीकडे गेली.

“आता धुनीत ठेव.”

ओली वाटी निखाऱ्यावर चुरचुरली, धुमसली, पेटेना. बुवांनी शेजारी दुसरी, कोरडी वाटी ठेवली. तिला हळूच पिवळी ज्योत लागली. तेल कडेनं पाझरू लागलं आणि जळू लागलं, सावकाश, आवाज न करता.

जन्मभर खोबरं विकणारा माणूस ते खोबरं पहिल्यांदाच बघावं तसा बघत राहिला...

मग भिकूशेठ उठले. गुडघ्यावर हात रेटून, पण कुणाचा आधार न घेता. मठाच्या कुंपणाबाहेर गेले, बाटली उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.

परत आले तेव्हा जबडा आवळलेला होता.

“संपलं, बुवा. आज नाही, उद्या नाही, शिमग्यालाही नाही. भिकू खातूनं दिलेला शब्द फिरवला असेल तर पेठेत विचारा.”

“कशाला विचारू?”

“पण आधीचं जे आत साचून बसलंय... त्याचं काय? ते कोण जाळणार?”

बुवांनी धुनीतलं लाकूड जरा आत सरकवलं.

“काळीजच. बाटलीतला पाहुणा उठला, की घरचे जेवायला बसतात.”